स्थानिक भाषा येत नसताना परदेशात नोकरी मिळते का?

शीतघर, रत्नागिरी

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका मासळीप्रक्रिया कारखान्यात गेली आठ वर्षे मी अमोनियावर चालणारी शीतयंत्रणा सांभाळतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, प्लेट फ्रीझर, ब्लास्ट फ्रीझर आणि कोल्ड स्टोरेजची देखभाल हे माझे रोजचे काम असून रात्रपाळीत ही सगळी यंत्रणा माझ्या एकट्याच्या भरवशावर असते. माझे शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका एवढे आहे आणि वय ३१ आहे. घर जवळच्या पावस गावी आहे. आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी तेथेच राहतात, आणि हापूसची थोडी कलमे आहेत, ज्यांच्यावर संसार चालेल असे म्हणण्याचे धाडस हल्लीच्या हवामानात कोणी करणार नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कारखाना निम्म्याने थंडावतो आणि त्याबरोबर आमचा ओव्हरटाइमही जातो, म्हणून बाहेर पडण्याचा विचार गेली दोन वर्षे मनात आहे.

मुंबईच्या एका एजंटाने पोलंडमध्ये ‘कोल्ड स्टोरेजमधील काम’ देऊ केले आहे. भाषेची अजिबात अट नाही, इंग्रजीही जुजबी चालेल, असे तो सांगतो, आणि एकूण साडेचार लाख रुपये मागतो, त्यांपैकी निम्मे आगाऊ. मराठी आणि हिंदीखेरीज मला इंग्रजी वाचता येते, यंत्रांची मॅन्युअले मी इंग्रजीतूनच वाचतो, परंतु फोनवर इंग्रजी बोलताना अडखळतो. ज्या देशाची भाषा आपल्याला येत नाही, तेथे माझ्यासारख्याला खरोखर काम मिळते का, कोणत्या देशात मिळते, आणि मिळाले तरी टिकते का, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

खाडीकाठ, राजापूर

शीतघर यांस नमस्कार. मी १९९४ साली कुवेतला गेलो आणि २०१६ साली कायमचा परतलो. मधली सारी वर्षे वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीत गेली, तेव्हा तुमचे काम माझ्या कामाचा चुलतभाऊच म्हणायला हवा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील किती घरे आखातातील पगारावर उभी राहिली हे खाडीकाठच्या कोणत्याही गावातून फेरफटका मारला की दिसते, आणि त्या घरांतून गेलेल्यांपैकी बहुतेकांना जाताना अरबीचा एक शब्दही येत नव्हता. तेथे कामाची भाषा अरबी नसतेच मुळी. आमचा फोरमन केरळचा, सुपरवायझर इजिप्तचा, ज्याला आम्ही सगळे मिसरी म्हणायचो, स्टोअरकीपर पाकिस्तानचा, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि तितकीच मोडकी इंग्रजी. यल्ला (चला), खलास (संपले), बुक्रा (उद्या), मुदीर (साहेब) एवढ्या शब्दांवर पहिली दोन वर्षे निभावली.

मात्र तोंडाची भाषा वेगळी आणि कागदाची भाषा वेगळी, हे मला नोकरी सोडताना कळले. पहिल्या कंपनीतून निघताना माझ्यासमोर अरबीत छापलेला एक कागद ठेवला गेला, ‘रजेचा अर्ज आहे, सही कर’ असे सांगितले गेले आणि मी सही केली. सगळी देणी मिळाली, कोणतीही तक्रार नाही, असे त्यात लिहिलेले होते, आणि सेवासमाप्तीची सात वर्षांची रक्कम त्या एका सहीपाशी अडकली ती अडकलीच. वाद झाला तर आखाती देशांतील न्यायालये अरबी मजकूर ग्राह्य धरतात; शेजारी छापलेले इंग्रजी भाषांतर वाचून आपण निश्चिंत झालेलो असतो आणि खरा करार पानाच्या उजव्या अर्ध्या भागात असतो. संयुक्त अरब अमिरातींत आता नोकरीचा प्रस्ताव हिंदीतही पाहता येतो, ही मोठीच सुधारणा आहे, पण आमच्या वेळी असे काही नव्हते. पुढे मी इतर काही शिकलो नाही तरी अरबी आकडे, तारखा आणि ‘मिळाले’ या अर्थाचा शब्द वाचायला शिकलो.

आता एजंटाविषयी. परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना असावा लागतो आणि तो आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या पाहता येते. परवानाधारकाने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढी आहे. साडेचार लाख हा आकडा त्या मर्यादेच्या कितीतरी पुढचा आहे, हे तुम्हीच ताडून पाहा. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही दहावीच्या पुढे शिकलेले असल्यामुळे तुमचा पासपोर्ट उत्प्रवासन तपासणी न लागणाऱ्या वर्गातला असणार. आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराचा करार निदान सरकारी कचेरीतून पुढे सरकतो आणि त्याला प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचा विमाही उतरवावा लागतो. तुमचा करार मात्र कोणीही पाहणार नाही. शिक्षण झालेल्या माणसाने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, असे सरकारने गृहीत धरलेले आहे आणि एजंटांना ते चांगले ठाऊक असते.

थायलंडमध्ये संगणकावरचे काम, भाषेची व अनुभवाची अट नाही, अशाही जाहिराती फिरतात. त्या वाटेने गेलेल्या भारतीय तरुणांना सीमा ओलांडवून म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेल्याचे प्रकार घडले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून त्याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. तुमचे प्रकरण तसले दिसत नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

दर्यावर्दी, गुहागर

थोडक्यात लिहितो, कारण जहाजावरून इंटरनेट जेमतेम मिळते. परक्या देशाची भाषा न शिकता परदेशी पगार घेण्याचा कोकणातला सर्वांत जुना मार्ग म्हणजे समुद्र. जहाजावर निरनिराळ्या देशांचे लोक असतात आणि व्यवहार इंग्रजीत चालतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संचही केलेला आहे, जो आम्ही पाठच करतो. दुर्दैवाने वयाच्या ३१ व्या वर्षी या क्षेत्रात नव्याने शिरण्यास प्रशिक्षणाच्या वयोमर्यादा आड येतील. तुमच्या ओळखीच्या विशीतल्या मुलांना मात्र जरूर सांगा, आणि नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना नसलेल्या कोणालाही पैसे देऊ नका, हेही सांगा. जहाजावर चढवण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे २००६ च्या सागरी कामगार करारानुसार निषिद्ध आहे, तरीही आपल्याकडची मुले दोन-दोन लाख मोजून बसतात.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण (सध्या नेदरलँड्स)

मी संगणक क्षेत्रात असून सहा वर्षांपूर्वी डच भाषेचे अक्षरही न शिकता येथे आलो. उच्चकुशल स्थलांतरितांसाठी येथे जो परवाना आहे त्याला भाषेची अट नाही. ठरलेल्या किमान पगाराची आणि कंपनी सरकारमान्य प्रायोजक असण्याची अट आहे, आणि अशा कंपन्यांची यादी सरकार स्वतःच प्रसिद्ध करते. कार्यालयात सात देशांचे लोक असल्यामुळे सारे इंग्रजीत चालते. म्हणून खाडीकाठ काकांच्या ‘होय’मध्ये माझाही ‘होय’ मिळवा, पण तो पहिल्या नोकरीपुरता.

दोन वर्षांपूर्वी आमचा विभाग बंद झाला, आणि तेव्हा लक्षात आले की मी ज्या नेदरलँड्समध्ये राहत होतो तो एका इमारतीचा तिसरा मजला होता. जाहिराती पाहू लागलो तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक डचमध्ये, आणि परवाना नोकरीशी जोडलेला असल्यामुळे दुसरी नोकरी शोधायला तीनच महिने हाताशी. दहाव्या आठवड्यात नोकरी मिळाली, ती जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने. माझी पत्नी वाणिज्य शाखेची पदवीधर असून चिपळूणला बँकेत होती. येथे चार वर्षे तिला तिच्या तोडीचे काम मिळाले नाही, कारण नोकरी माझ्या क्षेत्रात इंग्रजीत मिळते, तिच्या क्षेत्रात मिळत नाही. जाणाऱ्याच्या भाषेचा विचार सगळे करतात, सोबत जाणाऱ्याच्या भाषेचा कोणी करत नाही. शिवाय करखात्याची पत्रे येथे निळ्या लिफाफ्यातून येतात आणि ती डचमध्ये असतात. असा एक लिफाफा मी भाषांतराच्या आळसाने तीन महिने टेबलावर ठेवला आणि दंड भरला. त्या आठवड्यात शिकवणी लावली.

आता पोलंड. माझा मामेभाऊ तेथे एका गोदामात दोन वर्षे काम करून परतला आहे. तेथे कामाचे करार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकाला ‘उमोवा ओ प्रात्से’ म्हणतात, ती कामगार कायद्याखालची रीतसर नोकरी, ज्यात भरपगारी रजा, नोटिशीचा काळ आणि इतर संरक्षण येते. दुसऱ्याला ‘उमोवा झ्लेत्सेन्ये’ म्हणतात, तो नेमून दिलेल्या कामाचा दिवाणी करार, ज्यात यातले बरेचसे आपोआप मिळत नाही. मामेभावाच्या हाती दुसरा करार होता आणि हे त्याला पहिल्या आजारपणात कळले. परक्या कामगाराला त्याला समजेल अशा भाषेत करार दाखवला पाहिजे, असे तेथील कायदाच सांगतो. म्हणून तुम्ही एजंटाकडे दोन गोष्टी मागा : इंग्रजी भाषांतरासह कराराचा मसुदा आणि वर्क परमिटची प्रत. परमिट मालक काढतो आणि त्यात पद लिहिलेले असते. तुम्ही कोल्ड स्टोरेजचे यंत्र चालवणारे आहात. ‘कोल्ड स्टोरेजमधील काम’ म्हणजे यंत्रघरातले काम की उणे वीस अंशांत खोकी उचलण्याचे, हे त्या एका ओळीवरून समजेल.

सुरंगी, कुडाळ (सध्या दक्षिण जर्मनी)

मी परिचारिका आहे आणि माझ्या पेशात भाषेवाचून पान हलत नाही. परिचर्या हा जर्मनीत कायद्याने नियंत्रित व्यवसाय असल्यामुळे बी-२ पातळीची (युरोपात भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या असतात, त्यांतली चौथी) जर्मन आणि आपल्या शिक्षणाची मान्यता यांशिवाय पूर्ण परिचारिका म्हणून काम करताच येत नाही. ए-१ पासून बी-२ पर्यंत मला सव्वा वर्ष लागले आणि त्या काळात नोकरी सोडून पुण्यात राहावे लागले. तुमचा व्यवसाय त्या अर्थाने नियंत्रित नाही, म्हणून तुमची वाट वेगळी आहे आणि तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या धाकट्या भावासाठी हे सारे कागद मी नुकतेच धुंडाळले आहेत.

जर्मनीने जून २०२४ पासून ‘शान्सेनकार्टं’ म्हणजे संधीपत्र नावाचा परवाना सुरू केला आहे. हातात नोकरी नसताना तेथे येऊन एक वर्षापर्यंत नोकरी शोधण्याची ही मुभा आहे, आणि त्या काळात आठवड्याला वीस तास अर्धवेळ काम करता येते. त्यासाठी आपल्या देशात सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी लागते आणि भाषेच्या बाबतीत ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी यांपैकी एक पुरते. त्यावर सहा गुण जमवावे लागतात. तुमचे वय ३५ च्या आत, त्याचे दोन गुण. गेल्या सात वर्षांत शिक्षणाशी संबंधित कामाचा पाच वर्षांचा अनुभव, त्याचे तीन. झाले पाच. सहावा गुण ए-२ पातळीच्या जर्मनचा मिळतो, आणि बी-१ केलेत तर दोन मिळतात. तुमच्या साऱ्या अर्जाचे दार त्या एका गुणाच्या बिजागरीवर फिरते आहे आणि तो गुण भाषेचा आहे, हे पाहून मला गंमत वाटली. खर्चाची बाजू मात्र गमतीची नाही : त्या वर्षाच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते, आणि २०२५ साली त्यासाठी दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, गोठवलेल्या खात्यात ठेवण्याची अपेक्षा होती. ती रक्कम आपलीच असते आणि दरमहा परत मिळते, तरी आधी उभी करावी लागते. या वर्षात कुटुंबाला सोबत आणता येईल असे धरून चालू नका.

दुसराही एक मार्ग आहे. मायदेशी मान्य असलेले दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण, अलीकडच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या किमान पगाराची नोकरी (२०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो) हातात असेल, तर अनियंत्रित व्यवसायात थेट कामाचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यासाठी कायद्याने जर्मनची अट नाही. अट नाही म्हणजे गरज नाही असे समजू नका, कारण कायदा जे मागत नाही ते मालक मागतो. शीतयंत्रणेचा तंत्रज्ञ हा येथे साडेतीन वर्षे शिकून तयार होणारा कारागीर असतो. तो ग्राहकाकडे जातो, बिघाड ऐकतो, सुरक्षेच्या सूचना वाचतो आणि कामाचा अहवाल लिहितो, आणि हे सारे जर्मनमध्ये असते. शीतकारक वायू हाताळण्यासाठी युरोपात वेगळे प्रमाणपत्र लागते, तेही ध्यानात ठेवा.

बी-२ उत्तीर्ण होऊन आल्यावरही येथील बोली ऐकून पहिला महिनाभर मला रडू यायचे. एका रात्री फोनवर रक्तातील साखरेचा आकडा मी उलटा लिहून घेतला. सोबतच्या ज्येष्ठ बाईंनी तो पुन्हा विचारला म्हणून निभावले. जर्मनमध्ये त्रेचाळीस म्हणताना ‘तीन आणि चाळीस’ म्हणतात, आणि मी मनातल्या मनात इंग्रजीतून जात असल्यामुळे घोटाळा करत होते. एके दिवशी लख्ख प्रकाश पडला की आपले ‘त्रेचाळीस’ही तसेच आहे, आधी तीन, मग चाळीस. इंग्रजीला मधून काढून टाकले आणि आकडे सरळ झाले. तीन लिंगे आपल्याला आहेत, त्यांनाही आहेत. वाक्य लांबले की क्रियापद शेवटी जाते, तेही आपल्याला परके नाही. मराठी माणसाने जर्मन इंग्रजीच्या पाठीवर बसून शिकू नये, असे माझे ठाम मत आहे, मग शिकवणाऱ्यांना ते पटो वा न पटो.

दापोलीचा, सध्या जपान

सुरंगीताईंच्या शेवटच्या मुद्द्यावरून लिहावेसे वाटले. जपानी भाषेत तर क्रियापद नेहमीच शेवटी येते आणि आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘त’सारखे प्रत्यय शब्दामागे लागतात, म्हणून वाक्यरचना आपल्याला पटकन उमजते. लिपी मात्र घाम काढते.

मी येथे ‘तोकुतेई गिनो’ या परवान्यावर मासळीप्रक्रिया कारखान्यात आहे. ठरावीक कौशल्यांच्या परदेशी कामगारांसाठी हा परवाना एप्रिल २०१९ पासून सुरू झाला आणि भारताशी त्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. कौशल्याची परीक्षा आणि एन-४ पातळीची (पाचांपैकी खालून दुसरी) किंवा तिच्या तोडीची जपानी भाषेची परीक्षा अशा दोन्ही उत्तीर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळे ‘भाषेशिवाय जपान’ असे कोणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो आहे. एन-४ ची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पहिल्या टप्प्याच्या या परवान्यावर एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब आणता येत नाही. दुसऱ्या टप्प्यावर आणता येते आणि अन्नप्रक्रिया क्षेत्राला तो टप्पा २०२३ साली खुला झाला. तीन वर्षांची मुलगी घरी असताना या अटीचा विचार तुम्ही सगळ्यांत आधी करावा, असे वाटते. माझी मुलगी पाचवीत आहे आणि गेल्या गणपतीत तिने मला व्हिडिओवर आरती ऐकवली, एवढेच सांगतो.

शीतघर, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी एजंटाकडे परवाना क्रमांक, कराराचा मसुदा आणि परमिटमधील पदाचे नाव, अशा तीन गोष्टी लेखी मागितल्या. परवान्याविषयी ‘आमचे काम सल्ल्याचे आहे, भरतीचे नाही’ असे उत्तर आले. करार ‘व्हिसा झाल्यावर’ मिळेल म्हणे. पद मात्र त्याने पाठवले आणि ते वाशिष्ठीकाठ यांनी ओळखले तेच निघाले : गोदाम कामगार. आठ वर्षे कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला भाषेची अट का नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या कामात मी काही बोलावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

या निमित्ताने आमच्याच कारखान्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले. आमच्याकडे प्रक्रियेच्या हॉलमध्ये ओडिशातील मुले-मुली आहेत, मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी आहेत, आणि आमच्या पावसच्या बागांत आंब्याची राखण करणारेही नेपाळचेच. मराठी येते का, असे त्यांना कामावर घेताना कोणी विचारत नाही. तांडेल, म्हणजे ट्रॉलरवरचा प्रमुख, काय ओरडतो ते समजायला त्यांना आठ दिवस लागतात आणि तेवढ्यावर हंगाम निघतो. पण जो दोन-तीन हंगामांत मराठी बोलू लागतो, त्यालाच नाखवा, म्हणजे ट्रॉलरचा मालक, डिझेलचा आणि बर्फाचा हिशेब सांभाळायला देतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एका व्हॉल्व्हमधून अमोनियाची किरकोळ गळती झाली. भोंगा वाजला तेव्हा मराठी-इंग्रजी फलक वाचता न आलेल्या चार मुली वाऱ्याच्या उलट दिशेला जाण्याऐवजी वाऱ्याबरोबरच धावत सुटल्या. कोणाला काही झाले नाही. त्यानंतर फलकावर ओडियातील मजकूर आला, तोही त्यांच्यातल्याच एका मुलाकडून लिहून घेऊन. परदेशात गेलो तर त्या चौघींच्या जागी मी असेन, हा विचार गेल्या आठवड्यापर्यंत मला शिवला नव्हता.

जपानचा विचार मुलीमुळे सध्या बाजूला ठेवला आहे. जर्मनची ए-१ ची ऑनलाइन शिकवणी पुढील महिन्यापासून लावतो आहे. रात्रपाळी असताना सकाळी साडेदहाचा वर्ग जमेल, असे वाटते. काका, आखाताचा पर्याय मात्र पूर्ण सोडलेला नाही. ए-२ होईपर्यंत एखाद्या चांगल्या कंपनीत शीतयंत्रणेचेच काम मिळाले, तर गोठवलेल्या खात्याची रक्कम तेथून उभी करता येईल का, असा हिशेब चालू आहे.

सुरंगी, कुडाळ (सध्या दक्षिण जर्मनी)

हिशेब वाईट नाही, फक्त तेथे गेल्यावर वर्ग सुटू देऊ नका. परीक्षा मुंबईला माक्स म्युलर भवन या जर्मन भाषासंस्थेत देता येईल. रात्रीची कोकणकन्या पकडलीत तर सकाळी मुंबईत पोहोचाल. प्रमाणपत्रे जुनी झाली की व्हिसाच्या वेळी प्रश्न विचारतात, म्हणून ए-१ ची परीक्षा देऊन पैसे घालवण्यापेक्षा वर्ग पुरे करून थेट ए-२ ची द्यावी, आणि जमले तर बी-१ ची. त्याच वेळी पदविकेचे आणि अनुभवाचे दाखले इंग्रजीत करून घ्या. अनुभवाच्या दाखल्यात ‘ऑपरेटर’ एवढेच न लिहिता अमोनिया यंत्रणेची क्षमता, कॉम्प्रेसरचे प्रकार आणि तुमच्याकडे असलेली जबाबदारी लिहून मागा. आपल्याकडचे व्यवस्थापक दोन ओळींत दाखला उरकतात आणि येथे त्या दोन ओळींवरून माणूस जोखला जातो.

खाडीकाठ, राजापूर

कुवेतमधील जुन्या सहकाऱ्यांकडे मी तुमच्यासाठी शब्द टाकतो. अन्नसाठवणुकीच्या मोठ्या शीतगृहांत अमोनिया जाणणारी माणसे लागतात. एक विचारायचे राहिले. त्या एजंटाला आगाऊ काही दिलेत का?

शीतघर, रत्नागिरी

निम्मी रक्कम दिली नाही, काका. मात्र ‘फाइल उघडण्यासाठी’ म्हणून पाच हजार रुपये आणि पासपोर्टची प्रत पहिल्याच भेटीत दिली होती. पावती तीनदा मागून झाली. उद्या चौथ्यांदा लेखी मागतो आहे.